न धुतलेला पाय

तो तुकडा चिमट्याच्या टोकावर होता — तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब, कडेला पिवळट, मुळाकडे पांढरा आणि मऊ — आणि उज्वलाला तो आपला वाटेना. अंगठ्याच्या मुळाशी रबराची पट्टी आवळलेली होती, दोन्ही बाजूंनी इंजेक्शनं देऊन झाली होती, आणि तिच्याच उजव्या पायाच्या अंगठ्यातून तो निघाला तेव्हा तिला फक्त ओढ जाणवली. ओल्या भुईतून रोप उपटावं, भुईला ते कळावं, पण दुखू नये, तशी. "बघा, केवढं आत गेलं होतं," डॉक्टर निशिगंधा म्हणाल्या आणि त्यांनी तो तुकडा स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला. आवाज झाला नाही. एवढ्याशा वस्तूचा कसला आवाज होणार... तरी ती वाट बघत राहिली.

महाडच्या या दवाखान्यात ती तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या वेळी गोळ्या आणि मलम घेऊन गेली, दुसऱ्या वेळी नखाची कड कापून घेतली, आणि दोन्ही वेळा अंगठा बरा झाला, चपलेत सरळ राहू लागला, आणि मग एखाद्या सकाळी कंपनीचे बूट चढवताना आतल्या कोपऱ्यात ओळखीची टोचणी लागली. ओळखीची — हाच शब्द तिच्या मनात यायचा. एमआयडीसीतल्या कंपनीत ती पॅकिंगला होती. पुढे लोखंडी वाटी असलेले जाड बूट घातल्याशिवाय आत सोडत नसत. स्टोअरमध्ये तिच्या मापाचे बूट संपलेले होते म्हणून एक माप लहान जोड तिच्या हातात ठेवला गेला, आणि नंतर माप आलं तेव्हा बदलून घ्यायचं तिच्या ध्यानात असूनही तिने ते कधी बदलून घेतले नाहीत.

"घरी तुम्ही स्वतःच कोपरा कापता ना? ब्लेडने?" डॉक्टरांनी विचारलं.

उज्वलाने मान डोलावली.

"म्हणून हे परत परत येतं. खोल कापलं की चार दिवस बरं वाटतं, पण आत एक टोक राहून जातं. नख वाढलं की तेच टोक मांसात शिरतं. नख सरळ कापायचं, कडा गोल करायच्या नाहीत, फार मागेही न्यायचं नाही. आणि बूट बदला आधी. बोटं मोकळी हलली पाहिजेत आत. पाय भिजले तर पुसून कोरडे करायचे." त्या बोलता बोलता कापसाची काडी कसल्याशा बाटलीत बुडवत होत्या, फरशी पुसल्यावर येतो तसा उग्र वास खोलीत पसरला. "आता हे औषध मुळाला लावते. मग ही कड उगवणारच नाही. नख थोडं अरुंद दिसेल, एवढंच."

"कधीच नाही उगवणार?"

"सहसा नाही. का, नको आहे?"

"नाही, लावा," उज्वला म्हणाली. पण काडी कोपऱ्यात फिरत असताना तिने नजर काढून भिंतीकडे नेली, कारण तिला एकदम असं वाटलं की हे जे जळतंय ते नख नव्हे, तो एक पुरावा आहे... आणि कसला पुरावा, हे मात्र त्या क्षणी तिला सांगता आलं नसतं.

खोल कापायला तिचा हात शिकलेला होता, पण स्वतःच्या पायावर नव्हे. मुरारी, तिचा नवरा, कशेडी घाटात रस्त्याच्या कामावर होता — पावसाळ्यात दरडीची माती उपसायची, गटारं मोकळी करायची — आणि ठेकेदाराने दिलेले गमबूट दिवसभर आतून ओले असत. आठवड्या-पंधरवड्याने त्याचा उजवा अंगठा सुजायचा. मग संध्याकाळी तो पडवीत बसायचा, ती गरम पाण्यात मीठ टाकून त्याचा पाय शेकायची, मांडीवर घ्यायची, कापसाची बारीक वात कोपऱ्याखाली सरकवायची, आणि नाहीच भागलं तर नव्या ब्लेडने ती कड आतपर्यंत कापायची. तेवढ्या वेळात तो बोलायचा. एरवी त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. पण पाय तिच्या हातात असला की तो घाटातलं काय काय सांगत राहायचा — धुक्यात पुढचा ट्रक कसा नुसता दोन दिव्यांचा होतो, बरोबरचा शुभम कसा कठड्यावरून पळतो आणि मुकादम त्याला कसा शिव्या देतो — आणि ती ऐकत ऐकत कापायची, त्याचं बोलणं संपू नये म्हणून कधी कधी जरुरीपेक्षा हळू, कधी कधी जरुरीपेक्षा खोल. म्हणजे परत परत येत होतं ते... पण हे आज कळून काय उपयोग? तिला ते बोलणं हवं होतं, नख नव्हे.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी रबर सोडलं, मलमपट्टी बांधली. "आज पाय वर ठेवून बसा. उद्यापासून कोमट पाण्यात मीठ घालून शेका. इंजेक्शन उतरलं की दुखेल थोडं."

ती टेबलावरून उतरली, बऱ्या असलेल्या डाव्या पायात चप्पल सरकवली, आणि तेव्हा मघाचं ते वाक्य तिच्यापर्यंत पोहोचलं. ते बोलून झालेलं होतं — ती आत आली तेव्हाच, इंजेक्शनच्या आधी. डॉक्टरांनी तिला दोन्ही पाय टेबलावर घ्यायला सांगितले होते. 'त्या पायाला काही नाही,' ती म्हणाली होती. त्या हसल्या होत्या. 'नसू दे. एका पायावरून काय कळतं? मी नेहमी दोन्ही बघते.' आणि मग दिवा जवळ ओढत, सहज, दिवसभरात दहा जणांशी बोलतात तसं: 'या पावसात रोज असेच अंगठे येतात माझ्याकडे. कंपनीतले, रस्त्यावरचे, बोगद्यातले. जे जे बूट घालतात, सगळ्यांचा हाच पाय, हाच कोपरा. तोंडं झाकून नुसते पाय दाखवले ना, तर कुणाचा कुठला ते मलाही सांगता यायचं नाही.'

तिने दवाखान्याच्या पायरीवर कठडा धरला. उजवा पाय खाली टेकलेला दिसत होता, पण अंगठा तिथे नव्हता.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात घाटात दरड आली, तिच्याखाली दोघं राहिले: मुरारी, आणि वरच्या वाडीतल्या साळूबाईचा एकुलता एक मुलगा शुभम. पाऊस हटेना. वरून माती येतच राहिली, यंत्रं मागे घ्यावी लागली, पुन्हा लावावी लागली, आणि कित्येक दिवसांनी एकच जण मिळाला. त्यानंतर शोध थांबला. एकाच उंचीचे, एकाच ठेकेदाराचा रेनकोट घातलेले, एकाच खोक्यातले गमबूट पायात असलेले दोघे — त्यातला एक. सरकारी दवाखान्यामागच्या खोलीत त्याला ठेवलं होतं आणि पोलिसांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तोंडाकडे बघू नका. पायथ्याशी चादर थोडी वर घेतली होती. कुणीतरी उजवा पाय धुतला होता. घोट्यापासून खाली तो स्वच्छ होता, पाण्याने पांढरा पडलेला, सुरकुतलेला, आणि अंगठ्याच्या आतल्या कोपऱ्यात मांस नखावर चढलेलं, नखाची कड खोल कापलेली...

डावा पाय धुतलेला नव्हता. चिखल त्याच्यावर मोज्यासारखा वाळला होता. बादलीतलं पाणी संपलं असेल, किंवा धुणाऱ्याला मध्येच कुणी हाक मारली असेल. मुरारीच्या डाव्या पायाच्या वरच्या बाजूला कोयत्याचा वण होता — गवत कापताना लागलेला, करंगळीएवढा, आडवा. तो वण तिला ठाऊक होता. डोळे मिटून बोट ठेवता येईल इतका ठाऊक होता. तो बघायला नुसतं पाणी हवं होतं, तांब्याभर पाणी. 'हा पण धुवा,' एवढंच म्हणायचं होतं.

'ओळख पटत नसेल तर नमुना पाठवू,' पोलीस म्हणाला होता. 'रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर नेता येणार नाही. नीट बघा बाई.'

मी नीट बघितलं. मी नीट बघितलं नाही. घरी सासू दिवसच्या दिवस पाण्याच्या घोटावर होती, सासरे ओटीवर बसून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघत होते, आणि बाहेर पाऊस... आणि तो अंगठा तिच्या हातचा होता. तिला तो आपल्या हातचा वाटला. "हेच आहेत," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच चादर खाली ओढून दोन्ही पाय झाकले.

बाहेर पायरीवर साळूबाई बसली होती. तिलाही बघायला सांगितलं होतं, तर ती म्हणाली होती, आधी तिला बघू दे, ती बायको हाय, तिला ठावं आसंल. उज्वला बाहेर आली तेव्हा म्हातारीने तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि पावसात चालायला लागली. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर...

पोलादपूरच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. नवा हायवे सरळ पळत होता, दोन्ही बाजूंना भाताला लोंब्या आलेल्या, मधेच उघडीप, मधेच सर. उज्वलाने पट्टीचा पाय पिशवीवर ठेवला होता आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती, कारण बघितलं की तो चादरीखालून बाहेर आलेला दिसायचा. गाडी सुटता सुटता कुणीतरी शेजारी येऊन बसलं. औषधांचा, ओल्या घोंगडीचा वास आला. तिने मान वळवली. साळूबाई होती.

ती दचकली असं नाही. उलट तिला वाटलं, म्हातारी मघापासून, दवाखान्यापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून शेजारीच बसलेली आहे आणि दिसली तेवढी आत्ता.

"तू व्हय," साळूबाई म्हणाली. "डोळ्यांत घालायचं औषद न्यायला आलेलू. पायाला काय झालं गो?"

"नख रुतलं होतं. काढलं."

"बुटानं?"

"हां."

म्हातारी वाकून पट्टीकडे बघत राहिली. उज्वलाला पाय मागे घ्यावासा वाटला, पण तो तिचं ऐकेना. तो अजून कुणाचाच नव्हता. आणि मग तिच्या तोंडून ते गेलं, ठरवल्याशिवाय.

"मावशी, शुभमला होतं का असं? पायाला?"

"काय म्हाईत," साळूबाई म्हणाली. "त्याचं पाय मी बगितलं ते ल्हानपनी, तेल लावताना. मोठा झाला का पोरगा आयशीला पाय दाकवतो काय? बूट भाईर काढायचा, डोनीवर पाय धुवायचा, नी येऊन जेवायचा. दुकलं-खुपलं सांगायचा नाय." ती हसली की काय ते नीट कळलं नाही. "तुजं बरं हुतं. तू मांडीवर पाय घेऊन बसायचीस. मुरारीच सांगायचा शुभमला, तो घरी येऊन मला सांगायचा. म्हनून तुला वळकता आलं. मी बगितलं आसतं तरी मला काय कळनार हुतं?"

गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, पुन्हा निघाली.

"मी जाते कदी कदी तिकडं," साळूबाई काचेतून बाहेर बघत म्हणाली, शेजारच्या घरात जाऊन आल्यासारखं. "जुन्या घाटात. बोगदा झाल्यापासनं तिकडं फारशी गाडी नाय, मानूस नाय. आदी टरकांच्या आवाजात काय कळायचं नाय. आता आयकू येतं."

"काय?"

"चालल्याचं. बूट घालून चालतो. मी चालले का चालतो, मी थांबले का थांबतो. हाक मारली का गप." तिने पदराने डोळ्यातलं पाणी टिपलं; ते औषधाचं होतं. "एक पाय दाबून टाकतो गो, नी एक हलकेच टेकतो. आमचा शुभम तर हरनावानी पळायचा. मी म्हनते, दरडीत पायाला लागलं आसंल."

सर आली. खिडकीच्या फटीतून पाणी उज्वलाच्या हातावर येत होतं आणि तिला हात काढून घ्यायचं सुचलं नाही. डावा दाबून. उजवा हलकेच, आधी टाच, अंगठा वर धरून. संध्याकाळी मुरारीचा तो आवाज बांधाच्या वळणावर आला की ती चुलीवर पाणी ठेवायची; अंगणात पाऊल पडायच्या आत तिला कळायचं, आज शेकायला लागणार की नाही. चिखलात वेगळा, दगडावर वेगळा, पण तोच. ती म्हातारीला सांगू शकत होती. गाडीत आवाज होता, कुणी ऐकलं नसतं. 'मावशी, तो डावा पाय मी...' वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, ओठांपर्यंत आलेलं. पण ते वाक्य दोन्हीकडून कापणारं होतं. सांगितलं तर म्हातारीला मुलगा मिळायचा — जळून, अस्थी नदीत जाऊन, परक्या नावाने पिंड घेऊन तीन वर्षं झालेला — आणि घाटातली ती पावलं तिच्यापासून काढून घेतली जायची. आणि नसेलच तसं तर? घाटात म्हातारीचं मनच चालत असेल तर? मग उज्वला तिच्यापुढे काय ठेवणार होती — एक न धुतलेला पाय?

पोलादपूरला दोघी उतरल्या. साळूबाईला वरच्या वाडीकडची जीप गाठायची होती. तिने उज्वलाच्या दंडाला हात लावला. "जप गो पायाला. मिठाच्या पान्यात शेक." आणि ती गर्दीतून वाट काढत गेली, पाठीत वाकलेली, चालताना मधूनच थांबायची, मान किंचित कलती करायची आणि पुन्हा चालू लागायची. उज्वला तिच्याकडे बघत उभी राहिली. म्हातारी कशासाठी थांबते ते तिला आता कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तिने घाईघाईने रिक्षा शोधली.

घरी सासू, चंद्राबाई, ओटीवर बसून भोपळा चिरत होती. रायबा, सासरे, गुरांकडे गेले होते. मूलबाळ नव्हतं, तरी उज्वला माहेरी गेली नव्हती, आणि चंद्राबाईने तिला सुनेसारखं वागवलं नव्हतं. तिच्या दृष्टीने ती मुलाला घरी घेऊन आलेली बाई होती. त्या दिवशी माणसं स्मशानातून परतल्यावर सासूने तिचे दोन्ही हात धरले होते. 'तुज्यामुळं माजा पोरगा घरला आला गो. न्हायतर मातीत कुजला आसता.' तेव्हापासून ती जेवू लागली. तेव्हापासून तिला झोप लागू लागली.

"आलीस? बस, बस. पाय वर घे." तिने पाट पुढे सरकवला, त्यावर गोधडीची घडी ठेवली, आणि उज्वलाचा पाय दोन्ही हातांनी उचलून, तान्ह्या मुलाला ठेवावं तसा वर ठेवला. "परवा त्याची म्हाळाची तीथ. वडे मी करीन, तू उटू नको. भोपळा घेतलाय. त्याला आवडायचा."

"हां," उज्वला म्हणाली.

गेल्या वर्षी पान वाढून कौलांवर ठेवलं तेव्हा कावळा लगेच आला होता. चंद्राबाई रडली होती, खुशीने. भुकेला हुता गो, म्हणाली होती. कोण भुकेला होता? ज्याला भोपळा आवडायचा तो, की ज्याला काय आवडायचं ते या घरात कुणालाच माहीत नाही तो — या नावाने हाक येते तर जावं, इथे कुणी वाढतं तर खावं, असं म्हणून आलेला, आणि खाऊन झाल्यावर कौलावरून या तिघांच्या तोंडांकडे निरखून बघणारा, ओळख लागते का म्हणून...

"दुकतंय काय?" सासूने विचारलं.

"अजून नाय."

"इंजेक्शान उतारलं का कळंल."

चंद्राबाई भोपळा घेऊन आत गेली. दिवस कलत होता. पाऊस थांबलेला, पण पागोळ्या गळत होत्या, आणि पलीकडच्या डोंगरावर धुकं खाली खाली उतरत होतं. आधी वरची झाडी गेली, मग गोठा, मग बांधाचं वळण. उज्वला भिंतीला टेकून बसली होती. पट्टीच्या आत काहीतरी मुंग्यांसारखं सुरू झालं होतं, खूप लांबून, दुसऱ्या कुणाच्या तरी पायातून निघून हळूहळू तिच्यापर्यंत येत असल्यासारखं. ती ते येऊ देत होती. श्वास धरून, मान किंचित कलती करून... आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण दुखण्याची वाट बघत नाही आहोत.

ती वाट बघत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. जी बाई मोकळी झाली होती, जिने चादर ओढून घेतली होती आणि त्यानंतर एकाही संध्याकाळी त्या वळणाकडे कान दिला नव्हता, ती आता अंगाचा कान करून बसली होती, आणि तिला हे भयंकर वाटायला हवं होतं, पण आधी वाटला तो आनंद — लाज वाटावी इतका लख्ख, जुना, लग्नातल्यासारखा. तो क्षणभरच टिकला. कारण धुक्यात कुठेतरी गुरांची घंटा वाजली, थांबली, आणि त्या शांततेत तिला कळलं की या वाटेने येऊ शकणारा एकटा तो नाही. दोघं आहेत. एकाला ती पावलांवरून ओळखेल. दुसऱ्याचा चालण्याचा आवाज तिने कधीच ऐकलेला नाही. तिने त्याला फक्त एक नाव दिलं होतं, आणि तेही त्याचं नव्हतं.

आत चंद्राबाईने चूल पेटवली. उज्वलाने पाय खाली घेतला नाही. कोण आधी येईल, याची तिला भीती वाटत होती. आणि त्याहून जास्त, तिने हाक मारली तर दोघंही ओ देतील, याची.